सिडनीतला आठवा नंबर

मी राहते त्या कॅनडातल्या कॅल्गरीत कुणालाही हेली विकनहायझरबद्दल विचारा, बोलणं आइस हॉकीवरच येतं. चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं, सात विश्वविजेतेपदं, पाठीवर 22 नंबर. सगळं खरं आहे. पण मी जळगावची. शाळेत आणि कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारी. त्यामुळे या बाईच्या कारकिर्दीतली जी गोष्ट मला पहिल्यांदा भिडली ती बर्फावरची नव्हतीच. 2000 सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ती कॅनडाच्या सॉफ्टबॉल संघात होती आणि आठ संघांत कॅनडा आठवा आला.

त्या सप्टेंबरात ती 22 वर्षांची होती. कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या शॉनाव्हन या लहानशा गावात जन्मलेली मुलगी. सुरुवातीला मुलांबरोबरच हॉकी खेळली आणि पंधराव्या वर्षी कॅनडाच्या राष्ट्रीय संघात आली. 1998 ला नागानोत बायकांची आइस हॉकी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली, तिथे तिला रौप्य मिळालं. सिडनीला जाईपर्यंत तिच्या संघाची चार विश्वविजेतेपदं झाली होती. म्हणजे एका खेळात जगात जिचं नाव आदराने घेतात, ती दुसऱ्या खेळात अशा संघातून उतरली ज्याच्याकडून पदकाची कुणी फारशी आशा धरली नव्हती. हे धाडस किती मोठं आहे ते प्लेटपाशी, म्हणजे बॅटरच्या जागी, उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सॉफ्टबॉल म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं, हात खालून फिरवून हळू टाकलेला चेंडू. गल्लीतलं अंडरआर्म क्रिकेट डोळ्यांसमोर आणू नका. चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, पूर्ण हात चक्रासारखा फिरवते, मांडीजवळून चेंडू सुटतो आणि जेमतेम चाळीस फुटांवर बॅटर असते. अर्ध्या सेकंदाच्या आत ठरवायचं, मारू की सोडू. त्यातून चांगल्या पिचरचा चेंडू शेवटच्या हातभर अंतरात दिशा बदलतो. कॅचर म्हणून मी हे प्लेटच्या मागे बसून पाहिलंय. बॅटरचे खांदे अगदी बरोबर वळलेले असतात, पाय बरोबर पडलेला असतो, बॅट फिरते, आणि चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये येऊन बसलेला असतो. त्या क्षणी बॅटरच्या मानेवरची शीर दिसते. राग स्वतःवरचा असतो, पिचरवरचा नाही.

सिडनीत अमेरिकेच्या लॉरी हॅरिगनने कॅनडाविरुद्ध नो-हिटर टाकली. सात इनिंगमध्ये एकही हिट नाही, म्हणजे नीट मारून बेस गाठणारा एकही फटका नाही. ऑलिम्पिक सॉफ्टबॉलमध्ये एकाच पिचरने अख्खा सामना टाकून हे करण्याची ती पहिलीच वेळ. स्कोअरशीटवर आपल्याच संघाच्या हिट्सच्या रकान्यात शून्य लिहिलेलं ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅट उचलायला काय लागतं. विकनहायझर त्या संघाची होती. आणि त्यानंतर ती घरी परतून पुन्हा बर्फावर गेली आणि दीड वर्षात सॉल्ट लेक सिटीला सुवर्ण जिंकलं. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. 2006 ला ट्यूरिनमध्ये पुन्हा तेच, सुवर्ण आणि सर्वोत्तम खेळाडू.

हे आज लिहायचं कारण माझी भाची. भावाची मुलगी, जळगावात नववीत आहे. शाळेत हॉकी खेळते आणि सॉफ्टबॉलही. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "आत्या, सर म्हणतात एकच धर. दोन्हीकडे सर्टिफिकेट मिळणार नाही." सरांचं मी समजू शकते. जिल्हा, विभाग, राज्य असं चढत गेलं की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. खानदेशात कितीतरी मुलींच्या घरी खेळाला होकार मिळतो तो याच हिशेबावर, आणि त्या हिशेबाने पोरींची आयुष्यं उभी राहिलीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला नावं ठेवणार नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीला दोन मैदानांपैकी एकाचं दार लावून घ्यायला सांगणं मला पटत नाही. तिचे हात अजून शिकतायत. स्टिकने येणारा चेंडू थांबवणारी नजर आणि बॅटने चेंडू शोधणारी नजर एकमेकींना मदतच करतात. मी वहिनीला आणि तिला दोघींना सांगितलं, निदान अकरावीपर्यंत दोन्ही चालू ठेवा. वहिनी काही बोलली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

भाचीला मी विकनहायझरचा सिडनीनंतरचा किस्साही सांगितला. 2003 मध्ये ती पुरुषांच्या व्यावसायिक संघात खेळायला युरोपात निघाली. इटलीतल्या एका क्लबला ती हवी होती, पण तिथल्या महासंघाने परवानगी नाकारली. मग ती फिनलंडला गेली. किर्ककोनुम्मीच्या सालामात संघात पुरुषांबरोबर खेळली आणि तिथे गोल केला. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत गोल करणारी पहिली बाई. भाचीने लगेच विचारलं, "मुलं धक्का मारायची का?" मारायचीच. त्या खेळात अंगावर येणं नियमात बसतं.

सोचीचा 2014 चा अंतिम सामना मात्र पाहायलाच हवा असा आहे. अमेरिका 2-0 ने पुढे, साडेतीन मिनिटंही उरली नव्हती. कॅनडाने एक गोल केला. बरोबरीसाठी एक खेळाडू वाढवायला कॅनडाने गोलकीपरला बाहेर काढलं होतं, तेव्हा अमेरिकेच्या एका खेळाडूने मारलेला पक, म्हणजे आइस हॉकीतली चेंडूऐवजीची रबरी चकती, कॅनडाच्या मोकळ्या गोलपोस्टला लागून बाहेर गेला. एक मिनिट उरलं असताना मारी-फिलिप पूलँने बरोबरी साधली. जादा वेळेत विकनहायझर एकटी पक घेऊन सुटली. 35 वर्षांची होती ती तेव्हा. मागून तिला पाडलं, पेनल्टी मिळाली, म्हणजे अमेरिकेची एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसली, आणि त्याच पेनल्टीच्या काळात पूलँने विजयी गोल केला. नोंदीत गोल पूलँचा आहे आणि तो तिचाच आहे. पण ती धाव माझ्या लेखी त्या गोलाच्या बरोबरीची आहे.

2017 च्या जानेवारीत तिने हॉकी थांबवली आणि 38 व्या वर्षी इथेच, कॅल्गरी विद्यापीठात, डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला बसली. सिडनीची आठवण मला इथे पुन्हा येते. ज्या वर्गात आपण सगळ्यांत मागे आहोत तिथे जाऊन बसायची तिला सवय होती. 2020 च्या मार्चमध्ये, कोरोना पसरत असतानाही टोकियो ऑलिम्पिक ठरल्याप्रमाणे होणारच असं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती सांगत असताना, त्याच समितीची सदस्य असूनही तिने जाहीरपणे लिहिलं की हे असंवेदनशील आणि बेजबाबदार आहे. आठवड्याभरात स्पर्धा पुढे ढकलली गेली. 2021 ला ती डॉक्टर झाली.

आपल्याशी तिचा धागा लडाखमधून जुळतो. 2018 च्या जानेवारीत ती लेहला गेली, तिथल्या मुलींबरोबर बर्फावर उतरली. भारताच्या महिला आइस हॉकी संघात बहुतेक मुली लडाखच्या. गोठलेल्या तळ्यांवर, हिवाळ्याचे मोजके आठवडे, तेवढाच सराव. त्याच वर्षी नोव्हेंबरात, ती मुलींसाठी भरवते त्या स्पर्धेला तो संघ कॅल्गरीत आला. मी पाहायला गेले होते. आपल्या मुली वळताना थोड्या अडखळायच्या, कारण घरी त्यांना एवढं गुळगुळीत बर्फ मिळत नाही. पण पकच्या मागे ज्या झेपावायच्या! घसा बसेपर्यंत ओरडले मी. 2025 मध्ये भारताच्या महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्या रिंकवरचे चेहरे आठवले.

आता कामाचं. जळगावातल्या मुलींसाठी मी वापरलेले सॉफ्टबॉल ग्लोव्ह गोळा करतेय. चामडं फाटलेलं चालेल, दोरी नवी घालता येते. डावखुऱ्या मुलींचे, म्हणजे उजव्या हातात घालायचे ग्लोव्ह तिकडे मिळणं फार अवघड जातं, त्या पोरी उलटा ग्लोव्ह चढवून खेळतात. कॅल्गरीत कुणाच्या गॅरेजमध्ये असा एखादा पडून असेल तर मला सांगा, मी येऊन घेऊन जाईन. डिसेंबरात जळगावला चाललेय, तेव्हा बॅगेतून नेता येतील.