मदतनीस ताईंचा हात कधी सुटायला हवा

विशेष शाळेत तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांजवळ सर्वांत जास्त वेळ असतात त्या मदतनीस ताई. तरी त्यांना बहुतेकदा भरवण्या-पुसण्यापलीकडे फारसं शिकवलं जात नाही. मूल दिवसातून चार-पाच वेळा हात धुतं, म्हणजे तेवढे धडे रोज हातचे जातात.

प्रशिक्षण बेसिनपाशीच घ्यावं. हात धुण्याच्या आठ पायऱ्या लिहून नळाजवळ चिकटवा: नळ सोडणं, हात ओले करणं, साबण घेणं, तळवे चोळणं, हातांची मागची बाजू चोळणं, साबण धुणं, नळ बंद करणं, पुसणं. सगळ्या ताईंचा क्रम एकच हवा. सुरुवात शेवटून करायची. सात पायऱ्या ताईंनी करून घ्यायच्या, पुसणं मुलाचं. ते सलग तीन दिवस स्वतः जमलं की नळ बंद करणंही त्याच्याकडे. अशाने प्रत्येक खेपेला काम मुलाच्याच हातून पुरं होतं.

ताईंनी मुलाच्या मागे उभं राहायचं. समोरून हात धरला तर हालचाल उलटी होते. आधार मनगटापासून सुरू करून कोपर, मग खांदा असा मागे न्यायचा. मूठ घट्ट वळलेली असेल तर बोटं ओढू नका. मनगट हलकेच तळव्याकडे वाकवलं की बोटं सैल पडतात. मुलाने हात मागे घेतला तर सोडून द्यायचा, जबरदस्ती नाही.

सर्वांत जास्त बिघडतं ते बोलण्याने. ‘पूस, पूस ना, अरे पूस’ ऐकून मूल त्या आवाजाचीच वाट पाहायला लागतं, आणि शब्दांची सवय स्पर्शापेक्षा सुटायला अवघड. एकदाच सांगा, मनात पाच आकडे मोजा, मगच हात लावा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं, असेल तर दहा मोजा. हात उचलायलाच त्याला तेवढा वेळ लागतो. ही पाच सेकंदं थांबणं नव्या ताईंना फार जड जातं. माया असते, म्हणून हात आपसूक पुढे जातो.

म्हणून आधी शिक्षिकेने करून दाखवावं. मग एका ताईने मूल व्हावं, दुसरीने शिकवावं. त्यानंतर खऱ्या मुलासोबत, शिक्षिका शेजारी उभी. ‘छान केलंत’ एवढ्याने ताईंना काही कळत नाही. ‘कोपर सोडलंत ते बरोबर, पण तीनच मोजलेत’ असं सांगावं. महिन्याने पुन्हा पाहावं, कारण घाईच्या दिवसांत मोजणंच आधी सुटतं.

नोंदीला चार अक्षरं पुरतात: ‘स्व’ स्वतः, ‘खू’ खुणेने, ‘स्प’ स्पर्शाने, ‘ध’ हात धरून. आठवडाभर ‘ध’च दिसला तर पायरी मोठी झालीय, तिचे दोन तुकडे करा. आणि नॅपकिनची खुंटी एकदा बघा, व्हीलचेअरवरून हात पोचतोय का ते.