लेबर रूममध्ये सूरह मरियम

लेबर रूममध्ये काम करताना एक कळतं, बाईला कळांपेक्षा पुढच्या कळेची धास्ती जास्त छळते. त्या रात्री आलेली पहिलटकरीण, पिशवीचं तोंड 4 सेंटीमीटर उघडलेलं, बाळाचे ठोके 140च्या आसपास म्हणजे मस्त, पण हिची पल्स 120, आणि कळ यायच्या आधीच अंग ताठ करून कॉटची दांडी आवळायची, श्वास रोखून धरायची. "सिस्टर, मेले असते तर बरं झालं असतं" सारखं हेच. समजावलं, पाठ चोळली, काही केल्या ऐकेना.

आणि हे नुसतं मनाचं नसतं बरं का, घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ते कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन हार्मोनच्या आड येतं, कळा मंदावू शकतात, प्रसूती लांबते, मग बाई अजूनच घाबरते.

सोबत तिची आई होती. त्या म्हणाल्या ही घरी घाबरली की कुराणातला सूरह मरियम हा अध्याय ऐकते, मोबाइलवर हळू लावू का? मी आधी तिलाच विचारलं, कारण अशा वेळी कसलाच आवाज नको असणाऱ्या पण बायका असतात. तिने मान हलवली, मग "वजू नाहीये" (नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात ते) असं पुटपुटली, आई म्हणाल्या, "ऐकायला चालतं गं."

कुराणातली ही 19वी सूरह. त्यात मरियम, म्हणजे हजरत ईसांची (येशूची) आई, कळा सुरू झाल्यावर एकटीच खजुराच्या बुंध्याशी येते आणि म्हणते, याआधीच मेले असते तर बरं. तेव्हा आवाज येतो की दुःख करू नकोस, पायाशी झरा आहे, खोड हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी, शांत हो. दोन कळांच्या मधे आईंनी मला हे सांगितलं आणि अंगावर काटाच आला, पोरगी तेच तर बोलत होती!

दुखायचं थांबलं असं अजिबात नाही, कळ आली की कण्हायचीच. पण आयत, म्हणजे कुराणातली ओळ, संपून पठण थांबायचं तिथे तिचाही श्वास लांब सुटायला लागला, मुठी सैल झाल्या, मधे चक्क डोळा लागला, पल्स 90वर आली. ठोके, बीपी, तपासणी आमचं चालूच होतं, पठण लावलंय म्हणून त्यातलं काही सोडायचं नसतं. पहाटे नॉर्मल झाली, मुलगी.

प्रसूतीत बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, तरी कितीतरी ठिकाणी आईला दाराबाहेरच उभं करतात, याचा मला खरंच राग येतो. त्या रात्री आई बाहेर असत्या तर ही काय ऐकून शांत होते ते आम्हाला कोण सांगणार होतं?