नऊ खटके

आमच्या गाडीच्या सीटवर माझ्यात आणि नवऱ्यात नऊ खटक्यांचं अंतर आहे. तो सहा फुटांचा, मी पाच फूट एक इंच. त्याने लावलेल्या सीटवर मी बसले की क्लच पायाला सापडत नाही. मी लावलेल्या सीटवर तो शिरायला गेला की गुडघा स्टिअरिंगवर आपटतो आणि तोंडातून जो शब्द निघतो तो इथे लिहिण्यासारखा नाही. मग सीटखालचा दांडा ओढायचा आणि कट्, कट्, कट्. नऊ वेळा.

गाडी घेताना मायलेज पाहिलं, डिकी पाहिली, रंगावरून तर आठवडाभर वाद घातला. सीटवर मात्र जेमतेम पाच मिनिटं बसलो. गुबगुबीत होती. "अगदी सोफा आहे," असं मीच म्हणाले. पण सोफ्यावर माणूस दर दोन मिनिटांनी कूस बदलतो, पाय वर घेतो, लोळतो. गाडीत पाय पेडलला, हात चाकाला आणि अंगावर पट्टा. मऊ गादीत बैठकीची दोन हाडं हळूहळू रुतत जातात आणि तिसऱ्या तासाला थेट तळाला लागतात. ज्या सीटला पाच मिनिटांत शंभर मार्क मिळतात, तिच्यावर माझा आता विश्वास नाही. जराशी टणक, पहिल्या भेटीत थोडी तुसडी वाटणारी सीटच शेवटपर्यंत साथ देते.

उभं असताना कंबरेला आत वळणारा छान बाक असतो. बसलं की माकडहाडाकडचा सगळा भाग मागे कलतो, बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार वाढतो. आल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थितज्ज्ञाने 1960च्या दशकात माणसांच्या पाठीत सुई घालून तो दाब चक्क मोजला. टेकण न घेता बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. पाठ थोडी मागे रेलली आणि कंबरेला आधार मिळाला की दाब उतरतो, हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं. त्यात गाडीची थरथर. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वर-खाली हालचाल बसलेल्या अंगाला सगळ्यात जास्त जाणवते, आणि रस्ता नेमकी तीच भरभरून देतो.

इथवर सगळ्यांचं सारखंच. पुढे ज्याचं त्याचं अंग.

माझं दुखणं गादीच्या लांबीचं. पाठ टेकवून बसले की गादीची पुढची कड गुडघ्यामागच्या लवणीत रुतते आणि तासाभरात पोटऱ्यांना मुंग्या येतात. खरं तर तिथे दोन-तीन बोटं जागा हवी. म्हणून मी नकळत पुढे सरकते, की कंबर अधांतरी. माझा दीर नवऱ्याइतकाच उंच, पण त्याची सगळी उंची पायांत. त्याच्या मांड्या अर्ध्या हवेत, आणि टेकणाचा जो फुगवटा नवऱ्याच्या कंबरेला बरोबर बसतो, तो याच्या बरगड्यांना टोचतो. मावशी अंगाने भरलेली. तिला सीटच्या दोन्ही उचललेल्या कडा नकोशा होतात. "दोघांनी कोपरं रोवून मध्ये बसवल्यासारखं वाटतं गं," ती म्हणते. वळणावर अंग धरून ठेवायला केलेल्या त्या कडा तिला सरळ रस्त्यावरही सोडत नाहीत.

मग ही सीट नक्की कोणाच्या मापाची? हा घोळ विमानवाल्यांनी आधीच घालून ठेवला होता. 1950मध्ये अमेरिकी हवाई दलाने 4,063 वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने त्यांतली दहा निवडली, उंची, छाती, हातांची लांबी वगैरे, आणि दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारे किती ते पाहिलं. एकही निघाला नाही. सरासरी माणूस कागदावर होता, कॉकपिटमध्ये नव्हता. त्यानंतर मागे-पुढे होणाऱ्या सीटवर भर आला. म्हणजे माझे नऊ खटके तसे सन्मानाचेच म्हणायचे.

पण खटके मागे-पुढे नेतात, कंबर भरून काढत नाहीत. आधी मी एक तयार उशी आणली. ती इतकी जाड की छाती स्टिअरिंगला भिडायला आली. एअरबॅग असलेल्या चाकापासून छाती निदान 25 सेंटिमीटर लांब हवी, त्यामुळे उशी दुसऱ्याच दिवशी माळ्यावर गेली. मग हात पुसायचा टॉवेल गुंडाळला, मनगटाएवढा जाड. तो कुठे ठेवायचा हे कळायला दोन प्रवास गेले. कंबरेचा पट्टा बांधतो त्या रेषेच्या किंचित वर. दोन बोटं आणखी वर गेला तर पाठीत कुणी गुद्दा धरून बसल्यासारखा, खाली घसरला तर उलट ढकलून पुढे काढतो. नेमका बसला की कळतच नाही की तिथे काही आहे. त्याच्या जोडीला सीट दोन टप्पे उचलली, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतपत पुढे घेतली, आणि खांदे टेकलेले असताना मनगट चाकाच्या माथ्यावर पोचतंय ना ते पाहिलं.

नवरा हसला. तो मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून चार-चार तास चालवणारा माणूस. एक कुल्ला वर, एक खाली, आणि उतरल्यावर "रस्ता फार खराब होता."

दर दोन तासांनी थांबायचं हे मात्र ठरलेलं. कितीही नामी सीट असली तरी अंगाला हालचाल लागतेच. मागच्या लांबच्या प्रवासात अशाच एका थांब्यावर आम्ही जागा बदलल्या. त्याने नऊ खटके मागे घेतले, टॉवेल काढायला हात मागे नेला, आणि तसाच टेकला. जरा हलला. परत टेकला.

"काढू का तो?" मी विचारलं.

"असू दे," तो म्हणाला, आणि मागच्या खिशातलं पाकीट काढून माझ्याकडे दिलं.

आता गाडीत दोन टॉवेल असतात. त्याचा जाड, माझा बारीक. धुऊन आणल्यावर अदलाबदल झाली तर पहिला टोल यायच्या आत कळतं.