एकोणीस मिनिटं

कार्तिकी पौर्णिमा झाली की आमच्या वेंगुर्ले-कुडाळ पट्ट्यात जत्रा सुरू होतात आणि मी रात्रीचा घरी सापडत नाही. दशावतार, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं आमच्याकडचं लोकनाट्य, रेकॉर्ड करतो. पायपेटी, पखवाज, झांज आणि नटांचे आवाज, मिळून आठ चॅनेल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाला एक चॅनेल तासाला अर्धा जीबी खातं. आठांचे चार जीबी, पहाटेपर्यंत साधारण २३. मोसमात अठरा रात्री केल्या तर चारशे जीबीच्या वर.

आवाज ज्यात साठतो त्या साध्या वेव्ह फाईलमध्ये स्वतःचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा असते, म्हणून ती चार जीबीच्या पुढे जात नाही. माझा रेकॉर्डर तासाभराने आपणच नवी फाईल उघडतो. एक रात्र म्हणजे सहा तुकडे.

तीन वर्षांपूर्वी त्यातल्याच चौथ्या तुकड्याने मला धडा दिला. पहाटे घरी आलो, कार्ड लावलं, डिस्कवर कॉपी सुरू केली आणि आडवा झालो. मध्येच वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण मोठी डिस्क अडॅप्टरवरची, ती बंद पडली. उठल्यावर पुन्हा कॉपी लावली. 'ही फाईल आधीच आहे' असं विचारलं, मी 'वगळा' म्हटलं. सहा फाईली दिसल्या, आकारही बरोबर. संध्याकाळी दुसऱ्या गावची जत्रा होती. कार्ड फॉरमॅट केलं.

आठवड्याने रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तेव्हा चौथ्या तुकड्याच्या शेवटी आठही पट्ट्यांत सरळ रेघ, म्हणजे आवाजच नाही. एकोणीस मिनिटं. कॉपी करताना संगणक कधीकधी फाईलची पूर्ण जागा आधी अडवून ठेवतो आणि मग भरत जातो. भरणं अर्धवट राहिलं तरी आकार पूर्णच दिसतो, आत नुसती शून्यं.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतो. त्या एकोणीस मिनिटांत राजा वनवासाला निघालेल्या मुलाला निरोप देत होता. मी शेजारी हेडफोन लावून बसलो होतो आणि माझे डोळे भरून आले होते. ते बोलणं पुन्हा कुणी तसं बोलणार नव्हतं.

तेव्हापासून आकारावर विश्वास ठेवत नाही. कॉपी झाली की दोन्हीकडच्या प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढून ताडून बघतो. पंधरा-वीस मिनिटं जातात, जाऊ देत. एक प्रत कामाच्या एसएसडीवर, दुसरी घरातल्या हार्डडिस्कवर, तिसरी कोल्हापुरात बहिणीकडे, घाटावरच्या कोरड्या हवेत. पहिल्या दोन जुळल्याशिवाय कार्डाला हात लावत नाही. मोठी डिस्क आता यूपीएसवर असते.

फोल्डरचं नाव वर्ष, महिना, दिवस, मग गाव, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. आत एक साधी मजकुराची फाईल: कुठल्या चॅनेलवर कोण, आख्यान कुठलं. हे त्याच दिवशी लिहायचं. रीपरची प्रोजेक्ट फाईल छोटीशी असते, तिला आवाज कुठे आहे एवढाच पत्ता ठाऊक. ड्राइव्हचं अक्षर बदललं की सगळे तुकडे हरवल्यासारखे दिसतात, म्हणून ऑडिओ प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवतो.

पावसाळ्यात आमच्याकडे चपलेलाही बुरशी येते. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परततो. ती कढई स्वयंपाकाला पुन्हा वापरत नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक डिस्क चालवतो, दोन-चार फाईली ऐकतो.

राजा झालेले आजोबा गेल्या मे महिन्यात भेटले. त्यांना सगळं सांगितलं, माफी मागितली. म्हणाले, "झिला, त्या रातीक काय बोल्लंय ता आता खंय आठवतला?" मग चहा प्यायले आणि पडवीतल्या बाकावर बसूनच निरोप बोलायला लागले. पेटी नाही, पखवाज नाही, मागे माडांची सळसळ. अकरा मिनिटं बोलले. शब्द वेगळे होते. ती फाईल मी त्या दिवसाच्या तारखेने वेगळी ठेवली आहे, सरळ रेघेवर चिकटवलेली नाही.