तांबं-इपॉक्सी, नोंद ४: मीटर हलला एकदाचा!

मंडळी, इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) तांब्याची पावडर मिसळून वीज वाहणारी पट्टी करायचा माझा खटाटोप चाललाय. मागच्या वेळी सांगितलं होतं ना की २५ टक्के तांबं घालूनसुद्धा मीटर नुसता ओपन, म्हणजे वीज जातच नाही असं, दाखवतोय, तर या महिन्यात कारण सापडलं आणि एक पट्टी चक्क चालली, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आधी प्रमाणाचं बोलतो, कारण नवीन लोक इथेच फसतात. टक्के म्हणजे आकारमानाचे, वजनाचे नाही. १० ग्रॅम इपॉक्सी म्हणजे साधारण ८.७ सीसी, आणि तांब्याची घनता ८.९६, त्यामुळे ३० टक्क्यांसाठी ३३ ग्रॅम पावडर लागते. वाटीत बघितलं तर इपॉक्सी कुठे गेलं असं वाटतं, मिश्रण श्रीखंडापेक्षा घट्ट होतं आणि ढवळताना मनगट दुखतं. शेर आणि झॅलन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७० साली काढलेला आकडा साधारण १६ टक्क्यांचा, तेवढ्यात गोल कणांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळी जुळते. माझी पावडर इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे कण फांद्याफांद्यांचे, तर ती त्याआधीच जुळायला हवी होती. मग २५ ला का नाही?

म्हणून एक जुना प्रयोग केला. स्ट्रॉमध्ये नुसती सुटी पावडर भरली, दोन्ही टोकांना स्क्रू, आणि मीटर लावला. मेगाओहममध्ये. शेजारी गॅसचा लायटर एकदा टिक केला आणि आकडा धाडकन ४० ओहमवर! पेन्सिलीने स्ट्रॉला टिचकी मारली की परत मेगाओहम. १८९० मध्ये फ्रान्समध्ये ब्रान्ली या शास्त्रज्ञाने धातूच्या किसाच्या नळीत हेच बघितलं होतं आणि पुढे सुरुवातीचे रेडिओ रिसीव्हर यावरच चालले. मला तर हे बघून अंगावर काटा आला. कण एकमेकांना टेकलेलेच असतात, मधे ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तो शेजारच्या ठिणगीतून निघालेल्या रेडिओलहरींनी फुटतो. म्हणजे तांबं कमी पडत नव्हतं, वाट कणांच्या सांध्यावर अडत होती.

मग देवाची भांडी चिंचेने घासतो तेच केलं, फक्त चिंचेऐवजी लिंबूसत्त्व. कोमट पाण्यात १० मिनिटं ढवळलं, काळपट चॉकलेटी पावडर बघता बघता सॅल्मन गुलाबी झाली, मग डिस्टिल्ड पाणी, मग दोनदा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि सुकल्या सुकल्या लगेच रेझिनमध्ये, कारण उघड्यावर तासाभरात रंग परत मळायला लागतो. पंखा बंद आणि मास्क तोंडावर, ही पावडर फुफ्फुसात जायला नको.

६ मिमीच्या स्ट्रॉमध्ये भरून ठेवलं आणि पहिले दोन तास दर १० मिनिटांनी स्ट्रॉ फिरवत बसलो. मागच्या नमुन्यात तांबं तळाशी बसलं होतं, कापून बघितलं तर खाली लालभडक आणि वर पिवळसर काचेसारखं. यावेळी रंग एकसारखा.

दुसऱ्या दिवशी मीटर लावला तर परत ओपन! खूप निराश झालो खरं सांगतो. मग उजेडात बघितलं तर बाहेरून नुसतं चकचकीत इपॉक्सीचं कवच. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही टोकं आणि मधे दोन कडी घासली, तांब्याचे ठिपके चमकायला लागले, आणि मीटर बोलला.

साध्या मीटरने ओहमच्या आसपासचं मोजू नका, वायरीच अर्धा ओहम खातात. एलएम३१७ या रेग्युलेटर चिपला १२.५ ओहमचा रेझिस्टर लावून १०० मिलिअँप टोकांतून सोडले आणि मधल्या ३ सेंमीवर व्होल्टेज घेतलं. १९० मिलिव्होल्ट, म्हणजे १.९ ओहम. नंतर ६० डिग्रीला दोन तास ओव्हनमध्ये ठेवल्यावर ८२ मिलिव्होल्ट! इपॉक्सी पूर्ण पिकताना आकसतं आणि कण आणखी घट्ट दाबले जातात. हिशोब केला तर ०.०७७ ओहम-सेंमी. शुद्ध तांब्यापेक्षा पंचेचाळीस हजार पट वाईट, चांदीच्या विकतच्या इपॉक्सीपेक्षाही शेकडो पट, पण एलईडी यातून मस्त पेटतो.

आठ दिवसांनी, या पावसाळी हवेत, तीच पट्टी १.१ ओहम दाखवतेय. सांधे परत मळतायत. चांदीचं ऑक्साइड वीज जाऊ देतं, तांब्याचं तसं नाही, सगळा फरक तिथे आहे. त्यामुळे पुढच्या वेळी धुतलेल्या पावडरवर सिल्व्हर नायट्रेटमधून चांदीचा पातळ थर चढवतोय, एक ग्रॅम आणून ठेवलंय. कोणी हे केलं असेल तर द्रावण किती पातळ ठेवलं तेवढं सांगा, मी शनिवारी सुरू करतोय.