ग्राफीनमधलं डोपिंग आणि दोष वेगळे ओळखताना : माझा अनुभव

ग्राफीनचा, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या जाळीचा, एक थर दृश्य प्रकाशातला जेमतेम २.३ टक्के भाग शोषतो. त्या थरात झालेला बदल डोपिंगचा (बाहेरून इलेक्ट्रॉन देणं किंवा काढून घेणं) की दोषांचा (जाळीतली मोडतोड), हे मला प्रकाशावरूनच ओळखायचं होतं. डोपिंगसाठी क्वार्ट्झवर उतरवलेले काही नमुने नायट्रिक आम्लाच्या वाफेत धरले, दोष पाडायला काहींवर ऑक्सिजन प्लाझ्मा सोडला.

वाफेतल्या नमुन्यांचा दृश्य वर्णपट जवळजवळ जसाच्या तसा आला आणि तसाच यायला हवा होता. आम्ल इलेक्ट्रॉन ओढून घेतं, फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जेची पातळी, खाली उतरते. ती जितकी सरकली त्याच्या दुपटीहून कमी ऊर्जेचा फोटॉन आला, तर त्याला वर उचलायला इलेक्ट्रॉनच शिल्लक नसतो. दर चौरस सेंटिमीटरला १० लाख कोटी वाहक (विद्युतभार वाहणारे कण) धरले तर ही सीमा साधारण ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्टवर, म्हणजे १.७ मायक्रॉनच्या आसपास येते. तिथे अवरक्तात पाहिलं, तर थर खरोखरच जास्त पारदर्शक झालेला दिसतो! टेराहर्ट्झ पट्ट्यात मात्र मोकळ्या वाहकांमुळे शोषण उलट वाढतं.

दोषांसाठी रामन वर्णपट घ्यावा लागतो, म्हणजे जाळीच्या कंपनांमुळे ऊर्जा बदलून विखुरलेला लेझरचा प्रकाश तपासावा लागतो. हिरव्या लेझरखाली १३५० सेंमी⁻¹ च्या आसपास ‘डी’ नावाचं शिखर उमटतं. निर्दोष जाळीत संवेगाचा हिशेब जुळत नाही, म्हणून ते दिसतच नाही. नुसत्या आम्लाच्या डोपिंगनं ते येत नाही. १५८० जवळचं जी शिखर तेवढं वर सरकतं आणि अरुंद होतं.

खरा कस इथून पुढे लागतो. प्लाझ्मा वाढवत नेला तसं डी आणि जी यांचं गुणोत्तर आधी वाढलं, मग घसरू लागलं. दोषांमधलं अंतर तीन-चार नॅनोमीटरवर आलं की असं होतं, कारण मग अखंड जाळीच फारशी उरत नाही. म्हणजे एकच गुणोत्तर दोन अगदी वेगळ्या नमुन्यांचं असू शकतं. नुसता तो आकडा छापणारे आलेख मला म्हणूनच अपुरे वाटतात. शिखरांची रुंदी सोबत हवीच.

त्यात ताणही जी शिखर सरकवतो आणि थर उतरवताना ताण राहतोच. यावर डीच्या साधारण दुप्पट आकड्यावर येणाऱ्या टूडी शिखराचं स्थान जीसमोर मांडण्याची पद्धत मला फार आवडली : ताणामुळे बिंदू साधारण २.२ उताराच्या रेषेवर सरकतात, होल-डोपिंगमुळे (इलेक्ट्रॉन काढून घेतल्यामुळे) ०.७ च्या.

जाळीतच नायट्रोजन बसवलेल्या नमुन्यांत मात्र ही वाटणी इतकी सरळ होत नाही. तिथे परका अणू इलेक्ट्रॉनही देतो आणि स्वतः दोषही ठरतो, त्यामुळे डी शिखर आणि जीचं सरकणं दोन्ही एकाच वर्णपटात येतात.