‘मिळून मिसळून वागतो’ म्हणजे नेमकं काय?

शिक्षक प्रत्येक मुलाबद्दल लिहितात त्या वर्णनात्मक नोंदींत हे वाक्य एकामागून एक मुलाच्या नावापुढे उतरतं, आणि पुढच्या वर्गाच्या बाईंना त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल असं वर्तन लिहा: ‘खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबतो’, ‘अडलं तर शेजाऱ्याला विचारतो’. एका वाक्यात एकच वर्तन. ‘मदत करतो आणि वस्तू वाटून घेतो’ असं लिहिलं की गुण नेमका कशाचा, हे देणाऱ्यालाच ठरवता येत नाही. आठ-दहा वाक्यं पुरेत. प्रत्येक वाक्याला गुण द्या: कधीच नाही 0, क्वचित 1, बऱ्याचदा 2, जवळजवळ नेहमी 3.

खरी गडबड गुण देताना होते. पाढे घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला सहकार्यातही नकळत 3 पडतात. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने 1920 मध्येच दाखवलं होतं की माणसाच्या एका वैशिष्ट्याची छाप त्याच्या बाकीच्या वैशिष्ट्यांच्या मोजमापावर पडते. म्हणून एका मुलाचा अख्खा तक्ता एका बैठकीत भरू नका. एक वाक्य घ्या, पूर्ण पटाला गुण द्या, मग दुसरं. आणि दर वेळी हजेरीतल्या वेगळ्या क्रमांकापासून सुरुवात करा. निरीक्षण फक्त तासाला नको. पोषण आहाराच्या रांगेत आणि मैदानावर मूल वेगळंच दिसतं.

मुलांच्या वर्तनाबद्दलची गुडमन यांची 1997 ची पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली (SDQ) वापरत असाल तर बेरीज जपून करा. तिथे प्रत्येक प्रश्नाला 0 ते 2 गुण असतात. अडचणींची बेरीज वीसच प्रश्नांची, 0 ते 40; इतरांशी चांगलं वागण्याचे पाच प्रश्न त्यात मिसळायचे नाहीत. शिवाय त्या वीसांतले पाच प्रश्न चांगल्या बाजूने विचारलेले असल्याने त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात, आणि तिथेच हमखास चुकतं.

ही प्रश्नावली शिक्षकांना गेल्या सहा महिन्यांतलं किंवा चालू शालेय वर्षातलं वर्तन विचारते. वाळवा, कराडकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेल्या मुलाबद्दल डिसेंबरात त्याचं उत्तर कसं देणार? नव्या जागेत, नव्या बोलीत ते गप्प असतं. तो त्याचा स्वभाव समजू नये. निदान दोन महिने जाऊ द्या. तोवर जे पाहायलाच मिळालं नाही तिथे आडवी रेघ मारा, शून्य नको.

पाटण, जावळीकडच्या दोनशिक्षकी शाळांत दोघांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत. दोन गुणांचा फरक पडला तर सरासरी काढू नका. कुणी मुलाला कुठे पाहिलं, ते आधी विचारा. बऱ्याचदा एकाने वर्गातलं लिहिलेलं असतं, दुसऱ्याने मैदानावरचं.